वीस बाइटांची फाइल : शाळेच्या सर्व्हरच्या बॅकअपच्या नोंदी

१२ जून

सकाळी विज्ञानाचे सर लॅबच्या दारात उभे. "मॅडम, माझं 'दुसऱ्या सत्राच्या प्रश्नपत्रिका' हे फोल्डर दिसत नाहीये. बॅकअप असेलच ना?" मी "आहे की" म्हणून मोकळी झाले. रोज रात्री दोन वाजता स्क्रिप्ट चालते, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती काय करते हे बघून मात्र किती दिवस झाले होते, कोण जाणे.

दुपारी बघायला बसले. घरच्या फोल्डरांची, म्हणजे शिक्षक आणि मुलांच्या फाइलींची, नक्कल आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर जाते आणि तिला 'डिलीट' हा पर्याय लावलेला आहे. मूळ जागेवरून जे गेलं ते नकलेतूनही काढायचं, असा त्याचा अर्थ. सरांचं फोल्डर ९ तारखेला कोणाच्या तरी हातून उडालं आणि त्याच रात्री आरसिंकने नक्कलही प्रामाणिकपणे साफ केली. रेडमधल्या, म्हणजे एकच माल एकाच वेळी लिहिणाऱ्या जोडीतल्या, दोन डिस्क तर आरशासारख्या चालतात, तिथून ते त्याच क्षणी गेलं होतं. तीन ठिकाणी एकच चूक, तीही वेळेवर.

मग मूडलचा, म्हणजे मुलांच्या गृहपाठाच्या आणि अभ्यासाच्या वेबसाइटचा, डेटाबेस तरी नीट असेल म्हणून तिकडे गेले. रोजच्या तारखेची एकेक फाइल, ओळीनं मांडलेली. १३ फेब्रुवारीपर्यंत प्रत्येक फाइल तीनशे-साडेतीनशे एमबीची. १४ फेब्रुवारीपासून कालपर्यंतच्या ११८ फाइली प्रत्येकी बरोबर २० बाइटांच्या. जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला काहीच दिलं नाही तरी तो रिकाम्या मालाभोवती आपलं डोकं आणि शेपूट बांधून देतो, ते हे २० बाइट. फेब्रुवारीत मीच डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि स्क्रिप्टमध्ये बदलायचा राहिला. डंप, म्हणजे डेटाबेसचा मजकूर बाहेर काढणारी आज्ञा, अडत होता, पण पाइपच्या, म्हणजे एकीचा माल पुढचीला देणाऱ्या आज्ञांच्या साखळीच्या, शेवटी जीझिप होता आणि आज्ञा चालवणाऱ्या शेलला शेवटच्याचंच उत्तर ऐकू येतं. जीझिपचं काम झालं होतं. म्हणून सगळं 'यशस्वी'.

चुकीचा संदेश रोज मेलने येतही होता. रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, त्याच मशिनवरच्या टपालपेटीत. ती पेटी आजवर कोणी उघडलेली नाही.

सरांना जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.

१३ जून

आधी काय काय वाचवायचं आहे ते कागदावर काढलं. घरची फोल्डरं ३१० जीबी. मूडलचा फाइलींचा साठा १४० जीबी. डेटाबेस, न दाबलेला, १.८ जीबी. हजेरीचं जुनं सॉफ्टवेअर, माजी विद्यार्थ्यांनी कधीतरी लिहिलेलं, त्याचा वेगळा छोटा डेटाबेस. आणि इटीसी, म्हणजे सर्व्हरच्या सगळ्या सेटिंगांची डिरेक्टरी. ती काही एमबींचीच, पण नसली तर बाकीचं परत आणून मांडायचं कुठे?

मग ज्यांचं काम जाणार त्यांना विचारलं : किती तासांचं काम गेलं तर सोसेल, आणि सर्व्हर किती वेळ बंद राहिला तर चालेल? ऑफिसमधल्या क्लार्क ताई म्हणाल्या, गुणांच्या नोंदी एका दिवसाच्याही जाता कामा नयेत, पण सर्व्हर दोन दिवस बंद असला तरी कागदावर भागेल. संगणकाच्या वर्गाचं उलटं. मुलांचं एका दिवसाचं काम गेलं तर ती पुन्हा करतील (काही तर आनंदाने), पण तास सुरू असताना मशिन बंद चालणार नाही. हे आधी विचारलं असतं तर रात्री दोनची वेळ कोणी निवडलीच नसती. दिवसभराचं काम संपतं तेव्हा, संध्याकाळीच, नक्कल घेणं सरळ आहे.

१६ जून

साधन ठरवलं : रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम.

आरसिंक १९९६ पासून आहे आणि माझा त्यावर राग नाही, राग माझ्या 'डिलीट'वर आहे. हार्डलिंक, म्हणजे एकाच फाइलीला दुसरं नाव, वापरून त्याच्याकडून रोजची वेगळी प्रत ठेवता येते, न बदललेली फाइल पुन्हा जागा खात नाही. पण आमच्याकडे एकच व्हिडिओ चाळीस मुलांच्या फोल्डरांत चाळीस वेगळ्या नावांनी असतो, आणि तिथे हार्डलिंकची युक्ती संपते. बोर्ग (बॅकअपचाच आणखी एक प्रोग्राम) आणि रेस्टिक फाइलीचे तुकडे पाडतात, तुकड्याच्या मजकुरावरून त्याची ओळख ठरवतात आणि तोच तुकडा दुसऱ्यांदा ठेवत नाहीत. नाव काहीही असो. दोघांतून रेस्टिक घेतलं, कारण एकच फाइल उचलून कुठल्याही मशिनवर चालवता येते. आणीबाणीत मला अवलंबित्वांची यादी जुळवत बसायचं नाही.

नवी बाहेरची डिस्क एक्सफॅट या फाइलव्यवस्थेत आली होती. रेस्टिक त्यावरही चाललं असतं, परवानग्या वगैरे ते स्वतःच्या साठ्यात लिहून ठेवतं. पण एक्सफॅटला जर्नल, म्हणजे लिहिताना मध्येच वीज गेली तर सावरायला लागणारी नोंद, नाही आणि आमची वीज सांगून जात नाही. जर्नल असलेलं ईएक्सटी४ करून घेतलं.

पहिली नक्कल साडेचार तास चालली. ४५० जीबीचा माल २८७ जीबीत बसला. चाळीस व्हिडिओंचा एक झाला असणार.

पासवर्ड : साठा एईएस-२५६ या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद असतो आणि पासवर्ड हरवला तर तो उघडायला मागचं दार नाही. सर्व्हरवर ठेवलेला पासवर्ड सर्व्हरबरोबरच जाईल. म्हणून कागदावर लिहून दोन पाकिटं केली. एक मुख्याध्यापिका बाईंच्या कपाटात, एक शाळेबाहेर. शून्य आणि ओ, एक आणि एल यांची गफलत होईल अशी अक्षरं पासवर्डातूनच काढून टाकली.

१७ जून

डेटाबेसचा डंप. यात वेळ गेला, पण जायलाच हवा होता.

चालू डेटाबेसच्या फाइली थेट कॉपी करणं म्हणजे चालत्या माणसाचे कपडे शिवणं. डंपला 'सिंगल ट्रान्झॅक्शन' लावलं की सुरुवातीच्या क्षणाचं चित्र शेवटपर्यंत टिकतं आणि कोणाला थांबवावं लागत नाही. पण हे इनोडीबी या प्रकारच्या टेबलांपुरतंच. हजेरीच्या जुन्या सॉफ्टवेअरची टेबलं मायआयसॅम या जुन्या प्रकारची निघाली. तिथे ते वचन लागू नाही, टेबलं कुलूपबंद करूनच डंप घ्यावा लागतो. संध्याकाळी हजेरी कोणी भरत नाही, तेव्हा चालेल.

डंप आता दाबत नाही. आधी दाबला तर मधली एक ओळ बदलली तरी पुढचा सगळा मजकूर वेगळा दिसतो आणि तुकडे जुळेनासे होतात. रेस्टिक ०.१४ पासून स्वतःच दाबतं, ते पुरे.

क्रम : आधी डेटाबेस, मग मूडलच्या फाइली. मूडल फाइलीला तिच्या मजकुराच्या हॅशचं, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठशाचं, नाव देऊन ठेवतं, आणि कोणाची कुठली फाइल हे फक्त डेटाबेसला माहीत असतं. डेटाबेस आधी घेतला तर नंतर आलेल्या चार फाइली जास्तीच्या येतील, त्यानं काही बिघडत नाही. उलट केलं तर डेटाबेस म्हणेल गृहपाठ जमा आहे, आणि फाइल नसेल. कॅशे, तात्पुरत्या फाइली आणि सेशन वगळले.

एक गंमत. क्रॉनटॅबच्या, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनच्या वेळापत्रकाच्या, ओळीत तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह टाकलं की क्रॉन ते नवी ओळ समजतो आणि आज्ञा तिथेच तुटते. वैतागून सिस्टमडीच्या टायमरकडे गेले, तर तिथे टक्का म्हणजे आणखी तिसरंच काही. दोघांनाही टक्का दाखवायचा नाही, सगळं स्क्रिप्टच्या फाइलीत, असं ठरवलं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत 'पाइपफेल' आहे, म्हणजे पाइपमधला कोणीही पडला तर सगळं पडलं. आणि डंपची शेवटची ओळ 'डंप कंप्लीटेड' अशी नसेल तर पुढे जायचंच नाही. वीस बाइटांना आता दार बंद.

२१ जून

तीन दिवस झाले, नवी नक्कल नाही. चूकही नाही. नोंदवहीत काहीच नाही.

दोन तास टायमरच्या फाइली वाचल्या. शेवटी शिपाईकाकांनी सहज सांगितलं, "मॅडम, हल्ली विजा फार कडाडतात, म्हणून मी शाळा सुटली की लगेच लॅबचा मेन स्विच पाडतो." यूपीएस वीस मिनिटं टिकतो, मग सर्व्हर बंद. टायमर साडेसहाचा.

काकांचं चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. त्यांच्या काळजीचा अंदाज माझ्या स्क्रिप्टला असायला हवा होता. टायमरला 'पर्सिस्टंट' लावलं : चुकलेली वेळ मशिन पुन्हा सुरू झाल्यावर भरून काढायची. वेळ शाळा सुटायच्या आत, चार वाजून चाळीस मिनिटांवर आणली. रोजची नक्कल साधारण अकरा मिनिटांत होते. काकांसाठी स्विचजवळ चिठ्ठी लावली : 'पाच वाजेपर्यंत थांबावे.'

२४ जून

वाईट दिवस. सकाळी साडेआठला कोणाचंच लॉगिन होईना, डेटाबेस लिहायला नकार देतोय, मूळ डिस्क शंभर टक्के भरलेली.

कारण मीच. नवी व्यवस्था बसेपर्यंत 'असू दे' म्हणून जुनी आरसिंकची स्क्रिप्ट चालूच ठेवली होती. काल झाडलोटीत जुन्या बॅकअप डिस्कची केबल सैल झाली. डिस्क जोडलेली नव्हती, पण ती जोडायची रिकामी डिरेक्टरी होतीच. आरसिंकला डिरेक्टरी आणि डिस्क यातला फरक कळत नाही. त्यानं ३१० जीबी मूळ डिस्कवरच ओतायला घेतले, आणि जागा संपेपर्यंत ओतले.

मी केबल घट्ट केली, डिस्क पुन्हा जोडली आणि मग खरा गोंधळ सुरू झाला. डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते बघणारी आज्ञा) सांगतो डिस्क भरली आहे. डीयू सगळ्या फोल्डरांची बेरीज करून सांगतो, निम्मीही नाही. दोघंही खरं बोलत होते. चुकून लिहिलेला माल त्या डिरेक्टरीत होता आणि आता तिच्यावर डिस्क जोडल्यामुळे तो झाकला गेला होता. गालिच्याखालच्या कचऱ्यासारखा, जागा अडवून बसलेला पण न दिसणारा. डिस्क काढून बघितलं असतं तर लगेच दिसला असता, हे मला पाऊण तासानं सुचलं. डिस्क न काढताही बघता येतो : मूळ फाइलव्यवस्था दुसऱ्या ठिकाणी बाइंड करून जोडली की झाकलेलं उघडं पडतं.

सव्वादहाला शाळा पुन्हा सुरू. मग तीन गोष्टी केल्या. जुनी स्क्रिप्ट पुसली, 'असू दे' बंद. डिस्क काढून तिची रिकामी डिरेक्टरी 'इम्युटेबल' केली, म्हणजे डिस्क नसताना तिथे रूटलाही लिहिता येणार नाही. आणि नव्या टायमरच्या सेवेला सांगितलं, डिस्क जोडलेली नसेल तर सुरूच होऊ नकोस. रेस्टिकला खरं तर याची फारशी गरज नाही, साठा सापडला नाही तर ते आपणहून नवा बनवत नाही. पण डंपची फाइल मी त्याच डिस्कवर उतरवते. तीच उद्या हेच करेल.

२८ जून

आतापर्यंतचं सगळं एकाच खोलीत आहे. आग, पाणी, चोरी, आणि हल्ली जास्त शक्यतेचं म्हणजे सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. सर्व्हरवर रूट मिळवलेला माणूस जोडलेली डिस्कही पुसणारच. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत बाहेर, हा नियम पीटर क्रोघ या छायाचित्रकारानं फोटो सांभाळण्याच्या संदर्भात रूढ केला. आम्हाला शेवटचा एक कमी होता.

संस्थेच्या दुसऱ्या इमारतीत एक जुनं मशिन मिळालं. त्यावर रेस्टिकचा सर्व्हर 'फक्त भर घाला' या रीतीनं चालवला. शाळेचा सर्व्हर तिथे नवं ठेवू शकतो, जुनं पुसू शकत नाही. जुनं छाटायचं काम त्या मशिनवरच, तिथे बसून. यातही एक फट आहे : घुसखोर खोट्या तारखांच्या भाराभर प्रती घालू शकतो, आणि 'शेवटच्या इतक्या ठेवा' असा नियम असेल तर छाटणीत आपल्याच खऱ्या प्रती जातील. म्हणून तिथे संख्येवर नाही, काळावर नियम लावला. आणि छाटणी आपोआप नाही, महिन्यातून एकदा यादी डोळ्यांनी बघून.

पहिला साठा नेटवरून पाठवायचा विचार पाच मिनिटं टिकला. २८७ जीबी, दहा मेगाबिटचा अपलोड, दुसरं कोणी काही वापरलं नाही तरी अडीच दिवसांहून जास्त. डिस्क पिशवीत घालून चालत नेली. रोजची भर मात्र नेटवरून, वेगाची मर्यादा घालून.

३ जुलै

पुनर्स्थापनेची पहिली तालीम. लॅबमधला एक जुना पीसी, कोरी डिस्क, नवं डेबियन लिनक्स. अट अशी की मूळ सर्व्हरकडे बघायचं नाही.

पाच तास चाळीस मिनिटं लागली, त्यातली प्रत्यक्ष कॉपी दोनच तास. बाकी वेळ राहिलेल्या गोष्टींमागे गेला. मूडलची कॉन्फिग फाइल नक्कलेत नव्हती. वेबची डिरेक्टरी 'पुन्हा डाउनलोड करता येते' म्हणून मी वगळली होती आणि ही एक फाइल तिच्यातच असते. डेटाबेस आला, पण डेटाबेसचे वापरकर्ते आणि त्यांचे हक्क आले नाहीत, ते वेगळ्या सिस्टिम डेटाबेसात राहतात. कुठली पॅकेजं बसवलेली होती याची यादी कुठेच नव्हती. तिन्ही आता रोजच्या नक्कलेत आहेत.

सगळ्यात मजेशीर अडचण नावाची. विज्ञानाच्या सरांनी ते फोल्डर पुन्हा केलं आहे, निम्म्या प्रश्नपत्रिका टाइप करून झाल्यात. म्हटलं, तेच शोधून परत आणून बघू. रेस्टिकच्या शोधात 'दुसऱ्या सत्राच्या प्रश्नपत्रिका' टाकलं. सापडलं नाही. यादीत तर डोळ्यांसमोर दिसतंय! बाइट बाइट उलगडल्यावर कळलं. माझ्या कीबोर्डवर 'ऱ्या' हे ऱ, हलन्त आणि य असं उमटतं. सरांच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, लिनक्सला मात्र दोन वेगळी नावं. आता शोधताना 'दुस' पुढे तारांकन. शाळेत 'दुसऱ्या'शिवाय एकही फोल्डर नसतं, तेव्हा हे लिहून ठेवलेलं बरं. लांब मराठी नावांचंही लक्षात ठेवायला हवं : नावाची मर्यादा २५५ बाइटांची आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं.

७ जुलै

इशारे. चूक झाली तर मेल पाठव, ही जुनी रीत. पण मशिनच बंद असेल तर ते चूकही करत नाही आणि मेलही पाठवत नाही. २१ जूनच्या वेळी तेच झालं होतं. गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या सेवेत ३१ जानेवारी २०१७ ला चालू डेटाबेस चुकून पुसला गेला तेव्हा कळलं की त्यांचे रोजचे डंप आवृत्त्या न जुळल्यामुळे केव्हाचे पडत होते, आणि तसं सांगणारी पत्रं समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. आमची टपालपेटी आठवून जरा धीर आला.

म्हणून उलटं केलं. दुसऱ्या इमारतीतलं मशिन रोज बघतं की शेवटची प्रत किती जुनी आहे. २६ तासांहून जुनी असेल तर बोंब मारायची. आज सकाळीच मारली. सोमवार. रविवारी सर्व्हर बंद होता. सुट्ट्यांची यादी त्याला दिली आहे, आणि ती यादी दरवर्षी कोण भरणार हा प्रश्न माझ्या नावावर लिहून ठेवला आहे.

१४ जुलै

आज नक्कल चालू असतानाच मी स्क्रिप्ट उघडून एक ओळ बदलायला घेतली आणि सेव्ह करण्याआधी हात थांबला. बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा शेल, अख्खी स्क्रिप्ट आधी वाचून घेत नाही, चालता चालता वाचतो. क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअपची स्क्रिप्ट चालू असताना तिच्यावरच नवी आवृत्ती लिहिली गेली. जुन्या लॉग फाइली पुसणाऱ्या आज्ञेतली चलं (व्हेरिएबल) रिकामी राहिली आणि सुमारे ७७ टेराबाइट संशोधनाचा डेटा गेला. पुसणारा कोण, तर बॅकअपचा प्रोग्राम.

आता नवी आवृत्ती बाजूला लिहायची आणि नाव बदलून जागेवर आणायची. चालू असलेली जुनी फाइलच वाचत राहते. आणि न ठरवलेलं चल दिसलं की स्क्रिप्ट तिथेच थांबेल, अशी ओळ वर घातली.

२१ जुलै

किती दिवस ठेवायचं ते बाईंशी बोलून ठरलं : रोजच्या १४, आठवड्याच्या ८, महिन्याच्या १२. निकालाच्या दिवसाच्या प्रतीला वेगळी खूण, ती छाटायची नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या फाइली नकलेत वर्षभर राहणार, हे बाईंना मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पाकिटं कोणी उघडली याची सही घ्या. हे मला सुचलं नव्हतं.

आठवड्यातून एकदा साठ्याच्या पाच टक्के डेटाची प्रत्यक्ष वाचून तपासणी.

२ ऑगस्ट

आठवीच्या एका मुलानं सामायिक फोल्डरमधल्या प्रकल्पाच्या फाइलीवर आपली कोरी फाइल सेव्ह केली. कालची प्रत सहा मिनिटांत परत. मुलगा दारात रडकुंडीला येऊन उभा होता, त्याला आत बोलावून स्क्रीनवर दाखवलं.

दुपारी दुसरी तालीम. या वेळी मी कीबोर्डला हात लावायचा नाही, क्लार्क ताई छापील पानं बघून करतील. पहिला प्रश्न त्यांचाच : "मॅडम, ही पानं सर्व्हरवरच आहेत ना? सर्व्हर बंद पडल्यावर वाचायची कुठून?" मी ती मूडलवर ठेवली होती. आता दोन छापील प्रती पाकिटांबरोबर.

सातव्या पायरीवर अडल्या. 'डिस्क जोडा' असं लिहिलंय, पण तीन डिस्क आहेत आणि तिन्ही काळ्या. शिपाईकाकांनी पांढरी चिकटपट्टी आणून एकीवर 'बॅकअप' लिहिलं. वेळ तीन तास दहा मिनिटं. सातवी पायरी बदलली : 'पांढऱ्या पट्टीची डिस्क जोडा.' पुढची तालीम १५ ऑक्टोबर, करणार विज्ञानाचे सर. त्यांनी स्वतःच मागून घेतली.